मुकी गाठ

।। श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ।।

सोलापूर,
ता. १६ नोव्हेंबर २०२५

बाळाक्कास शिवलीचा नमस्कार.

आम्ही इकडं खुशाल, तूही खुशाल असशील, असं लिहायची रीत आहे. पण तू खुशाल नाहीस हे मला कळलं आहे, म्हणून ते वाक्य गाळते.

कळलं ते असं. तुमच्या गावच्या अंगणवाडीच्या केराबाई परवा इथं मीटिंगला आल्या होत्या. चहाच्या रांगेत मी गाव विचारलं तर सांगोल्याजवळचं तुझंच गाव निघालं. म्हटलं, मायाप्पांची बाळाबाई ठाऊक आहे का? तर म्हणाल्या, "ठावं नसायला काय झालं, अंगणवाडीच्या मागंच घर हाय की." एकोणीस वर्षं झाली बाळाक्का. पत्ता त्यांनीच लिहून दिला.

केराबाई, हे तुम्हीच तिला वाचून दाखवणार, तर उजव्या बाजूला बसा, डाव्या कानानं तिला कमी ऐकू येतं. माझं अक्षर चौथी पास बाईचं आहे, लागलं नाही तर अंदाजानं वाचा, पण मधलं काही गाळू नका.

तर तुझे निराधारचे पैसे सहा महिने बंद आहेत म्हणे. मशिनवर अंगठा उमटत नाही म्हणे. मशिनवाल्या पोरानं तुला सांगितलं, आजी तुमच्या बोटाला रेघाच नाहीत. मशिनला काय ठाऊक तुझ्या रेघा कुठं गेल्या. मला ठाऊक आहे. त्या चादरींच्या दशांत गेल्या.

साखर पेठेतली आपली चाळ पाडली गं. तिथं आता मोबाइलचं दुकान आणि वर लॉज आहे. मागच्या आठवड्यात तिथून चालले होते तर पाय आपोआप थांबले. तुझा उंबरा कुठं, माझा कुठं, काही लागेना. मधल्या भिंतीला ती वीट निखळली होती बघ, जिच्यातून आपण काडेपेटी द्यायचो, ती जागा मी हवेत बोट करून शोधत उभी. एक पोरगा म्हणाला, मावशी काय पाहिजे? म्हटलं, काही नाही, जा.

मालकाचा माणूस चादरींचे गठ्ठे टाकून जायचा आणि आपण दोघी पाय पसरून दशांना गाठी मारत बसायचो. चार दिवसांनी पाणी यायचं, त्या दिवशी तेवढं काम बंद. माझी एक चादर व्हायची तोवर तुझ्या दोन. तू गाठीकडं बघायचीच नाहीस. बोलायचीस माझ्याशी, बघायचीस रस्त्याकडं, आणि बोटं आपली चाललेली. मी म्हणायचे, बाळाक्का, तुझ्या बोटांना डोळे आहेत. तू म्हणायचीस, "आगं धनगराची लेक मी. अंधारात कोकरं बांधलीत."

वेळ अमावस्येला माझ्या माहेरी अक्कलकोटकडं आपण गेलो होतो ते आठवतं का? शेतात आंबील पिऊन तू बांधावरच झोपलीस आणि माझी आई कन्नडात ओरडत होती, ही कुणाची बाई उन्हात पडलीय. तुला कन्नड कळत नव्हतं, तू झोपेतच "व्हय व्हय" म्हणत होतीस. आणि मायाप्पादादा! सण कुठलाही असो, ताट वाढलं की आधी भिंतीवर थाप मारायचे. "शिवली, ये जेवाया." मी लाजले तर तुला म्हणायचे, "तिला काय बोलवायचं, ती काय परकी हाय व्हय? घरचं माणूस हाय." दादा गेले हे केराबाईंकडूनच कळलं. आठ वर्षं झाली म्हणे. मला कुणी कळवलं नाही. कळवणार तरी कोण.

आता माझं. हसू नकोस, मी शिकवणारी बाई झाले आहे. एक संस्था आहे, वस्तीवस्तीत वर्ग घेते. ज्या बायकांना सरकारचे पैसे मिळतात, लाडक्या बहिणीचे म्हण, निराधारचे म्हण, त्यांनी ते घरात कसे लावावेत हे शिकवायचं. आधी मी तिथं सतरंज्या अंथरायला आणि चहा करायला होते. शिकवायला पुण्याचे साहेब यायचे. त्यांनी भिंतीवर एक मोठा गोल दाखवला आणि त्याचे तीन तुकडे केले. अक्कम्मा म्हणून एक म्हातारी कायम पुढं बसते, ती म्हणाली, "भाकरी हाय का ही, साहेब?"

साहेब म्हणाले, नाही आजी, हा तुमच्या घरचा खर्च. निम्मा गरजेचा, तीस टक्के हौसेचा, वीस टक्के बचतीचा.

अक्कम्मा म्हणाली, "आमच्या घरात हौस एकट्या मालकाला हाय साहेब. रोज सांजच्याला करत्यात, अन् तीस टक्क्यात भागत न्हाय."

बायका अशा हसल्या की साहेबांचं पुढं काही चालेना. बिचारा घामाघूम झाला. मला बघवेना. किटली धरायला जुना पंचा होता हातात, तो उभा फाडला आणि म्हटलं, बायांनो, हिकडं बघा.

आणि तुझ्या गाठी मारल्या, बाळाक्का. तू भाड्याच्या खोलीत खिळ्याला लटकवलेल्या पंच्याला मारायचीस त्याच. पहिली साधी, ती दाण्याची आणि तेलाची. दुसरी दुहेरी, भाड्याची. तिसरी पिळाची, दवाखान्याची. चौथी फुलाची, ओढली की सुटणारी, पाहुण्यारावळ्याची. पैसे घडी करून आत ठेवायचे आणि गाठ मारायची. हात लावला की कळतं कुठली कशाची, वाचता यायला लागत नाही. आणि पाचवी, पंच्याच्या टोकाला आत दुमडलेली, कोकराच्या पायाला मारतात ती. तू तिला मुकी गाठ म्हणायचीस. तिचं नाव घ्यायचं नाही, ती मोजायची नाही, ती आहे हे कुणाला सांगायचं नाही. लेकरासाठी राखायची.

त्या दिवसापासून मीच शिकवते. आता पैसे बँकेत येतात गं, मोबाइल टुंग करतो. टुंग झालं की घरातले चार हात पुढं येतात. म्हणून मी म्हणते, टुंग झालं की आधी घडी, मग गाठ, मग तोंड उघडा. एकीनं मुक्या गाठीतून शिलाई मशीन घेतली. नवरा विचारतो, हे कुठून आलं? ती म्हणाली, टुंगमधून.

संस्थेनं एक पुस्तिका छापली आहे. नाव, "शिवलीलाबाईंच्या पाच गाठी". वर माझा फोटो, जरीच्या साडीत. त्यांनी विचारलं होतं, हे तुम्हाला कुणी शिकवलं? मी म्हटलं, सुचलं. तुझं नाव घेतलं नाही. ती चूक झाली. सांगायची होती, सांगितली. राग आला तर येऊ दे.

आणि विजू कुठं असते? केराबाईंना विचारलं तर म्हणाल्या, लेकीचं नाव त्या घरात कुणी काढत नाही. मी एवढंच विचारते.

उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी मी पुन्हा लिहीन, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे.

तुझी,
शिवली


सोलापूर,
ता. ७ डिसेंबर २०२५

बाळाक्कास नमस्कार.

तुझं उत्तर मिळालं. केराबाईंचं अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर दगडासारखा. तू सांगितलंस तसंच लिहिलंय त्यांनी, तुझा आवाज ऐकू आला. "गाठ कुनाची बी असू दे, बायांच्या कामाला येती न्हवं, मग झालं. पंचा मी तवाच चुलीत घातला. विजूचं इचारू नगंस. जिला आईची एक गाठ संबाळता आली न्हाय, तिचं काय करायचं."

पुस्तिकेचं माफ केलंस हे बघून मला रडू यायला हवं होतं. मला घाम आला.

नको म्हणालीस तरी विजूचं सांगते. ऐकायचं नसेल तर केराबाईंना म्हण थांबा. पण तू म्हणणार नाहीस.

गेल्या बुधवारी विडी कामगारांच्या वस्तीत वर्ग होता. साठेक बायका. मी मुकी गाठ दाखवत होते आणि नेहमीसारखी ती कुणालाच जमत नव्हती. ओढली की सुटायची. मी चिडले, म्हटलं, तुमचे हात आहेत का उलथनी? अक्कम्मा म्हणाली, "तुमच्या पुस्तकातल्यागतच बांधतोय की ओ बाई." तेवढ्यात मागून एकजण म्हणाली, "चित्रात उलटी काढलीया."

उंच, वाळलेली, कपाळ मोकळं. युनिफॉर्मच्या कारखान्यातून तशीच आलेली, पदराला दोरे चिकटलेले. ती पुढं आली, माझ्या हातातला पंचा घेतला आणि गाठ मारली. गाठीकडं बघितलं नाही बाळाक्का. माझ्याकडं बघत होती. बोटं आपली चालली होती.

मी म्हटलं, विजू?

"व्हय मावशी. कारखान्यात एकीच्या पिशवीत तुमचं पुस्तक दिसलं. फोटो वळखला. मग म्हटलं, आईची गाठ अशी उलटी छापून कशी दिली मावशीनं."

म्हणजे बघ, वर्षभर मी शेकडो बायकांना तुझी गाठ उलटी शिकवत होते आणि त्यांनाच रागावत होते.

वर्ग संपल्यावर तिला घरी आणलं. सगळं एका दमात लिहिते, नाहीतर लिहिणार नाही. करमाळ्याला जिथं दिली होतीस तो जावई तीन वर्षांमागं काविळीनं गेला. सासरच्यांनी ठेवून घेतलं नाही. पोरगी आहे, सृष्टी नाव, सातवीत, हुशार आणि तोंडाळ. दोघी इथं एका खोलीत राहतात. विजू शाळेचे शर्ट शिवते आणि तिलाही निराधारचे पैसे येतात. तुलाही येतात, म्हणजे यायचे. आई आणि लेक दोघी एकाच यादीत, आणि दोघींना निराधार म्हणतात. मला ते लई लागलं.

दहावीला एकाहत्तर टक्के होते तिला, आठवतं? तू पेढे न वाटता चाळीत गूळ वाटला होतास. नर्सच्या कोर्सचा कागद आणला होता आणि तो तू माझ्याकडून तीनदा वाचून घेतलास. मुक्या गाठीत त्याचेच पैसे होते. सात वर्षांचे.

चहा टाकला होता. ती पाटावर बसली होती, लहानपणी बसायची तशीच, गुडघ्याला मिठी मारून. म्हणाली, "मावशी, आईनं आबांना लई खोदून इचारलं हुतं, गाठीचं तुमाला कुनी सांगितलं. आबा एवढंच म्हनाले, घरच्याच मानसानं सांगितलं. घरात आई न् मीच की. मग मीच की."

"मी न्हवतं सांगितलं. पन एवढी वर्सं ऐकून ऐकून आता कवाकवा वाटतं, झोपंत बडबडले असंन. मावशी, तुमी भिंतीपल्याड हुता. तुमाला काय वाटतं?"

मी म्हटलं, चहा घे, थंड होतोय.

चहा अजून गाळलासुद्धा नव्हता.

असो. कामाचं लिहिते. तुझे पैसे सुरू व्हायचे तर तहसील कचेरीत जाऊन अर्ज द्यावा लागेल की अंगठा उमटत नाही. सोबत जवळचं नात्यातलं माणूस लागतं आणि त्याचा मोबाइल नंबर जोडावा लागतो. मी येते म्हटलं तर संस्थेतली पोरगी म्हणाली, शेजारीण चालणार नाही. तेव्हा विजू येईल. तिला मी अजून बोलले नाही. आधी तू हो म्हण.

पोरगी तुझ्यासारखी नाकावर बोट ठेवून विचार करते. सृष्टी म्हणते मी. तुला बघायला मिळावी म्हणून लिहिलं.

हो म्हण, बाळाक्का.

शिवलीला


सोलापूर,
ता. १२ जानेवारी २०२६

बाळाक्का,

हे पत्र पोस्टानं आलं नाही आणि केराबाई वाचत नाहीत. वाचतंय कोण ते तुला दिसतंच आहे.

तू केराबाईंकडून कळवलंस, "पैसं न्हाई आलं तरी चालतील, ती नगं." ते वाचून मी दोन दिवस जेवले नाही. माझे मालक सिद्रामप्पा, तुला ठाऊकच आहेत, वर्षातून चार वाक्यं बोलतात. त्यांतलं एक यंदाचं बोलून गेले. म्हणाले, "आता तरी सांगून टाक." म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. चाळीच्या भिंती कसल्या गं, पत्राच त्या.

विजूला मी खोटं सांगून पाठवते आहे. तिला म्हटलं, आईनं बोलावलंय. उद्या भोगी. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, भोगीची भाजी आणि तुला आवडते ती शेंगाचटणी तिच्या पिशवीत आहे. पिशवीच्या खाली कागदांची पिवळी फाइल आहे. पाकीट मी डिंकानं चिकटवलं आणि सांगितलं, आईसमोरच फोड आणि मोठ्यानं वाच. तिनं विचारलं, "मावशी, असं काय लिवलंय?" मी म्हटलं, अर्जाचं आहे. तुला वाचता येत नाही, म्हणून तिलाच वाचावं लागणार. एकाच वेळी दोघींना कळेल. दोनदा सांगायचं बळ माझ्यात नाही.

ऐक.

दोन हजार सहाचा जून होता. तू गठ्ठा पोचवायला गेली होतीस. विजू शाळेत दाखला आणायला गेली होती. मायाप्पादादा उंबऱ्यावर बसले होते. गिरणी बंद होऊन त्यांना तेव्हा तीन वर्षं झाली होती. दिवसभर ते उंबऱ्यावर बसायचे आणि गावाकडची मेंढरं आठवायचे. मी जोंधळा निवडत होते. ते म्हणाले, "चार कोकरं घ्यायला बी घरात पैका न्हाय. हिच्या हाताला बरकतच न्हाय बघ शिवली. बाई उधळी हाय."

तुला उधळी म्हणाले. तुला! जी बाई चहाची पूड दोनदा उकळते आणि तिसऱ्यांदा तुळशीला घालते. माझं डोकं फिरलं. तू मला ओळखतेस, माझं तोंड डोक्याच्या आधी चालतं. सूप आपटलं आणि म्हटलं, उधळी? दादा, तुम्ही बारा वर्षं गिरणीत राहून साठवलं नाही तेवढं तिनं त्या पंच्याच्या टोकात साठवलंय. जाऊन बघा दुमड उलगडून, पाचवी गाठ आहे.

मी तुझी बाजू घेत होते, बाळाक्का. देवाशपथ, तुझं कौतुक करत होते.

ते उठून आत गेले. गाठ कापावी लागली नाही त्यांना. कोकराचीच गाठ, धनगराच्या हातापुढं ती किती वेळ तग धरणार. संध्याकाळच्या एसटीनं ते गावाकडं गेले आणि अकरा कोकरं घेतली. तीन महिन्यांत रोगातून किती वाचली ते मी तुला सांगायला नको.

विजू, तू इथं थांबली असशील. थांबू नकोस. वाच पुढं.

त्याच संध्याकाळी तू माझ्याकडं आलीस. हातात तो पंचा, चार गाठी जागच्या जागी आणि टोक मोकळं. माझ्या मांडीवर डोकं टाकून रडलीस. मी सांगणार होते. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू म्हणालीस, "दोगींनाच ठावं हुतं शिवले. तू न् विजू. तू तर जीव देशील पन बोलनार न्हाईस."

त्या वाक्यानं माझं तोंड बंद झालं. तेवढं चांगलं माझ्याबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. आईसुद्धा नाही. ते मला घालवता येईना.

नंतर दादा परत आले, तू विचारलंस, ते म्हणाले घरच्याच माणसानं सांगितलं. मी भिंतीपलीकडं ऐकत होते. त्यांनी खोटं सांगितलं नाही. तू तेवढं ऐकून विजूला हाक मारलीस. पण मला कळलं होतं, ते कुणाला घरचं माणूस म्हणतायत. ताट वाढलं की भिंतीवर थाप मारून कुणाला म्हणायचे, आठव.

मग तू विजूला मारलंस. ती म्हणत होती, आई मी न्हाय, आई मी न्हाय. तू म्हणालीस, तुझ्या तोंडाला कुलूप न्हाय, आजपासनं मला आई म्हनू नगंस. त्या निखळलेल्या विटेच्या भोकातून मला सगळं दिसत होतं. मी काय केलं सांगू? माझी चटणीची बरणी ठेवली त्या भोकासमोर.

दिवाळीनंतर तू तिला करमाळ्याला देऊन टाकलीस. लग्नात मी वाढायला होते. ती पाया पडायला आली तर मी तिला एकवीस रुपये दिले. एकवीस रुपये, बाळाक्का. नंतर तुम्ही खोली सोडून गावी गेलात आणि मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवते. बरं वाटलं, कारण आता थाप पडणार नव्हती.

एकोणीस वर्षं मी लोकांना फटाफट खरं सुनावते. साहेबाला सुनावते, बँकेतल्या पोराला सुनावते. बायका म्हणतात, शिवलीलाबाई तोंडावर बोलतात, पोटात काही ठेवत नाहीत. मी हसते.

कालच्या वर्गात मुकी गाठ शिकवताना पहिल्यांदाच म्हणाले, बायांनो, ही गाठ ज्या बाईला दाखवाल ती बाई आधी पारखून घ्या. अक्कम्मा म्हणाली, "कसं पारखायचं वो बाई?" मी वर्ग लवकर सोडला.

विजू, तू झोपेत बडबडली नाहीस. तू जागेपणीही बोलली नाहीस. पंधरा वर्षांच्या पोरीनं आईची गाठ पोटात ठेवली, मार खाल्ला तरी ठेवली, आणि मी आज बघते तर अजून ठेवलीच आहे, तुझ्या आबांनाही तू कधी दोष दिला नाहीस. तू नर्स झाली असतीस. आज तुझ्या हाताखाली दोघी-चौघी असत्या. तू शर्टांच्या कॉलर शिवतेस ते माझ्यामुळं. याला माफी असते का ते मला ठाऊक नाही, म्हणून मागत नाही.

बाळाक्का, पुस्तिका नवी छापायला सांगितली आहे. गाठीचं चित्र विजूनं काढून दिलं, आता सरळ आहे. वर तुझं नाव येईल. माझा फोटो काढून टाकायला सांगितला. संस्थेच्या पोरीनं विचारलं, का हो मावशी? तिला म्हटलं, साडी माझी नव्हती, उसनी होती. हळूहळू सांगेन तिलाही.

आता कामाचं. पिवळ्या फाइलीत अर्ज, केराबाईंनी पाठवलेली तुझ्या आधारकार्डाची झेरॉक्स आणि विजूचा मोबाइल नंबर लिहिलेला कागद आहे. परवा सकाळी लवकर कचेरीत जा, दुपारी गर्दी होते. बोटं दाखवायची वेळ आली तर दोघीही दाखवा. तिचीही झिजायला लागलीत, सुईनं.

सृष्टी माझ्याकडं राहिली आहे. इथं सिद्धरामेश्वराची गड्ड्याची जत्रा भरली आहे, तिला पाळण्यात बसवते म्हटलं. ती विचारत होती, "आज्जी मला वळखंल का?" मी म्हटलं, नाकावर बोट ठेव, ओळखेल. विजू परत येईल तेव्हा तिच्याबरोबर तू आलीस तर सृष्टीला तुझ्या स्वाधीन करीन. माझ्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नसेल तर नको ठेवूस, मी पोरीला एसटी स्टँडवर घेऊन येईन आणि लांब उभी राहीन.

कोकराच्या गाठीचं तू मला शिकवलं होतंस, ओढली की आवळते, उलटी मागं सारली की सैल पडते. मी आपली ओढतच राहिले.

पत्र संपत आलंय. वाचणारीचा घसा कोरडा पडला असेल, तिला आधी पाणी दे. मग तिला जे म्हणायला तू बंदी केली होतीस, ते एकदा म्हणू दे.

तोंडाला कुलूप नसलेली ती, विजू नव्हे,

शिवली